पट्टे दिसतात ते कशाचे? अवशिष्ट प्रतिबलाच्या प्रकाशीय मोजणीची चिकित्सा



अंतिम वर्षाच्या प्रकल्प-अहवालांत अलीकडे एक चित्र वारंवार दिसते. मधोमध एक काळे वर्तुळ, त्याच्या भोवती फुलपाखराच्या पंखांसारखे लाल-पिवळे-निळे पट्टे आणि खाली मथळा : 'लेझर तंत्राने मोजलेले अवशिष्ट प्रतिबल'. तोंडी परीक्षेत मी विचारतो, "या चित्रात कॅमेऱ्याने नेमके काय मोजले?" उत्तर बहुधा ठरलेले असते, "सर, स्ट्रेस." हे उत्तर चूक आहे. चूक लहान वाटते, पण वेल्ड केलेला पाइप वापरात ठेवायचा की बदलायचा असा निर्णय त्या आकड्यावर घेतला जाणार असेल, तर ती लहान राहत नाही.

प्रकाशीय पद्धतींवरची बहुतेक पाठ्यपुस्तकातली प्रकरणे उपकरणाची मांडणी छान समजावतात. लेझर कुठे, आरसा कुठे, कॅमेरा कुठे, हे सगळे येते. पट्ट्यांपासून मेगापास्कलपर्यंतचा प्रवास मात्र दोन ओळींत उरकला जातो. खरी अडचण त्या दोन ओळींत आहे, म्हणून या टिपणात आपण बहुतेक वेळ तिथेच घालवू.

आधी संकल्पना पक्की करू. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव कशी चढवतात ते आठवा. धाव चाकापेक्षा किंचित लहान केलेली असते. ती तापवून फुगवतात, चाकावर बसवतात आणि पाणी ओतून थंड करतात. थंड होताना धाव आक्रसू पाहते, चाक तिला आक्रसू देत नाही. धाव कायमची ताणात राहते आणि लाकूड कायमचे दाबात. गाडीला बैल जोडलेले नसले, गाडी रिकामी असली, तरी हे बल तिथे असतेच. बाहेरून कोणताही भार नसताना पदार्थाच्या आत कोंडून राहिलेले असे प्रतिबल म्हणजे अवशिष्ट प्रतिबल. कुठल्याही पूर्ण छेदावर ताण आणि दाब एकमेकांना फेडतात, बेरीज शून्य होते. वेल्डिंग, ओतकाम, रोलिंग, ग्राइंडिंग, काचेचे शीतन, शॉट पीनिंग या सगळ्या प्रक्रिया असे प्रतिबल मागे ठेवतात. वेल्डच्या सांध्यात ते पोलादाच्या यील्ड पातळीच्या जवळही जाऊ शकते.

आता अडचण पाहा. बाहेरचा भार मोजायचा तर भार लावण्यापूर्वीची आणि नंतरची अशा दोन स्थिती आपल्या हातात असतात. अवशिष्ट प्रतिबलाच्या बाबतीत 'पूर्वीची' स्थिती केव्हाच निघून गेलेली असते. वस्तू टेबलावर शांत पडलेली आहे, तिच्यावर लेझर टाकून काहीच कळणार नाही. मग दोनच वाटा उरतात. प्रतिबलामुळे पदार्थाचा एखादा प्रकाशीय गुणधर्म बदलत असेल आणि पदार्थ पारदर्शक असेल, तर आरपार बघायचे. नाहीतर पदार्थाचा थोडा भाग काढून टाकून कोंडलेले बल मोकळे करायचे आणि उरलेला भाग किती हलला ते बघायचे. काच पहिल्या वाटेने जाते, पोलाद दुसऱ्या.

काच : जिथे प्रकाश आत शिरतो

डेव्हिड ब्रूस्टर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दाखवून दिले की प्रतिबलाखालची काच स्फटिकासारखी द्वि-अपवर्तनी होते. एका दिशेने कंप पावणारा प्रकाश दुसऱ्या दिशेच्या प्रकाशामागे पडतो. किती मागे पडतो ते दोन प्रमुख प्रतिबलांच्या फरकावर आणि काचेतून कापलेल्या अंतरावर अवलंबून असते. नेहमीच्या सोडा-लाइम काचेसाठी हा आकडा दर मिलिमीटरला, दर मेगापास्कल फरकामागे साधारण २.७ नॅनोमीटर येतो. म्हणजे १० मिलिमीटर जाडीतून जाताना दोन दिशांच्या प्रतिबलांत २० मेगापास्कलचा फरक असेल, तर प्रकाश ५४० नॅनोमीटर मागे पडेल. हिरव्या प्रकाशाची ही जवळजवळ एक पूर्ण तरंगलांबी झाली. दोन ध्रुवकांमध्ये धरल्यावर एक पूर्ण पट्टा दिसेल.

'फरक' हा शब्द अधोरेखित करून ठेवा. पोलॅरिस्कोप प्रतिबल दाखवत नाही, प्रतिबलांचा फरक दाखवतो, आणि तोही प्रकाशाच्या वाटेवर बेरीज होऊन. याचा परिणाम किती विचित्र असू शकतो ते टफन्ड काचेत दिसते. तापलेल्या काचेवर दोन्ही बाजूंनी हवेचे झोत सोडले की पृष्ठभाग आधी गोठतो, गाभा मागाहून. शेवटी पृष्ठ दाबात आणि गाभा ताणात राहतो. जाडीतला आलेख जवळपास परवलयी असतो. परवलयाची बेरीज शून्य करून पाहा : पृष्ठावरचा दाब मध्यावरच्या ताणाच्या दुप्पट येतो आणि शून्याची रेषा पृष्ठापासून जाडीच्या सुमारे २१ टक्के आत पडते. हे गणित वहीत दोन मिनिटांत होते, करून बघाच. पूर्ण टफन्ड म्हणवण्यासाठी अमेरिकी मानक पृष्ठावर किमान ६९ मेगापास्कल दाब मागते.

एवढे प्रतिबल असलेली काच समोरून पोलॅरिस्कोपमध्ये धरली तर आदर्श स्थितीत काय दिसेल? काहीच नाही. कारण काचेच्या पातळीत दोन्ही दिशांचे प्रतिबल सारखे आहे, फरक शून्य. आणि फरक नसताना प्रतिबल कितीही असो, प्रकाश मागे पडत नाही. गॉगल लावून मोटारीच्या मागच्या काचेकडे पाहताना जे ठिपके दिसतात ते 'प्रतिबल' नसून प्रतिबलातली असमानता असते. हवेचे झोत जिथे लागले तिथे थोडे वेगळे, मध्ये थोडे वेगळे. ठिपके जितके गडद तितकी काच मजबूत, असे सांगणारे लोक भेटतात. त्यांना हा परिच्छेद वाचायला द्या. खरा पृष्ठदाब मोजायचा तर प्रकाश कडेने आत सोडावा लागतो किंवा पृष्ठाला घासून न्यावा लागतो, म्हणजे मग वाटेवरचा फरक शून्य होत नाही.

काचेच्या बाबतीत ही पद्धत किती चांगली चालते याचे अलीकडचे सर्वांत सुंदर उदाहरण मला प्रिन्स रूपर्टच्या थेंबाचे वाटते. वितळलेली काच पाण्यात सोडली की शेपटीवाला थेंब तयार होतो. डोक्यावर हातोडा मारला तरी तो टिकतो, शेपूट मोडली की सगळा थेंब भुकटी होऊन उडतो. इंग्लंडात हे थेंब १६६० च्या सुमारास आले, रॉबर्ट हूक यांनी १६६५ च्या 'मायक्रोग्राफिया'त त्यांची चर्चा केली. श्रीनिवासन चंद्रशेखर आणि मुनव्वर चौधरी यांनी १९९४ मध्ये अतिवेगवान छायाचित्रणाने दाखवले की भेगेचे टोक थेंबातून सेकंदाला दीड ते दोन किलोमीटरच्या आसपास वेगाने धावते. पण डोके इतके मजबूत का, याचा आकडा हाती नव्हता. तो २०१६ मध्ये 'अप्लाइड फिजिक्स लेटर्स'मधल्या निबंधात आला. टालिनचे हिलार आबेन आणि सहकारी, आणि त्यांच्यासोबत चंद्रशेखर, चौधरी आणि कौशिक विश्वनाथन, यांनी एकात्मिक प्रकाश-स्थितिस्थापकता वापरली, म्हणजे आपली फोटोइलॅस्टिसिटीच, फक्त त्रिमितीय वस्तूसाठी. डोक्याच्या पृष्ठावर सुमारे ७०० मेगापास्कल दाब निघाला, आणि दाबाचा थर डोक्याच्या व्यासाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतका.

या निबंधाकडे टीकाकाराच्या नजरेने पाहू. पहिली चांगली गोष्ट : थेंब काचेइतकाच अपवर्तनांक असलेल्या द्रवात बुडवला होता. तसे केले नाही तर गोल पृष्ठावर किरण वाकतात आणि 'सरळ वाटेवरची बेरीज' हे गृहीतकच कोसळते. दुसरी : थेंब अक्षाभोवती सममित आहे हे मानल्यामुळे एकाच दिशेने पाहून काम भागले. सममित वस्तूत प्रतिबलाचे चार घटक अज्ञात असतात : अक्षीय, त्रैज्य, परिघीय आणि कर्तन. मोजमापातून अक्षीय आणि कर्तन घटक तुलनेने सरळ निघतात. उरलेल्या दोघांसाठी समतोलाचे समीकरण आणि आणखी एक संबंध लागतो. म्हणजे ज्या आकड्यांचा एवढा गाजावाजा झाला त्यांत प्रकाशाचा वाटा आहे, तसा यामिकीचाही आहे.

आणि एक कच्ची जागा आहे. ती लेखकांची चूक नाही, भूमितीची आहे. गोल वस्तूच्या कडेजवळून जाणारा किरण काचेत अगदी थोडे अंतर कापतो. कडेवर ते अंतर शून्याकडे जाते. म्हणजे प्रतिबल जिथे सर्वांत मोठे, तिथेच या पद्धतीचा संकेत सर्वांत दुबळा. शिवाय तिथे प्रतिबल अतिशय वेगाने बदलते. त्यामुळे पृष्ठाचा नेमका आकडा वाचताना मी 'सुमारे' हा शब्द गाळणार नाही. तरीही निष्कर्षावर माझा विश्वास आहे, कारण तो एकटा उभा नाही. छेदावरची ताण-दाबाची बेरीज शून्य होते की नाही हे तपासता येते, आणि थेंबाचे डोके हातोडा सहन करते, शेपूट मोडल्यावर मात्र भेगा आतल्या ताणाच्या पट्ट्यातून धावतात, हे निरीक्षण वेगळ्या प्रयोगातून आलेले आहे. प्रकाशाने दिलेल्या आकड्याला प्रकाशाबाहेरचा साक्षीदार मिळाला.

पोलाद : जिथे प्रकाश उंबरठ्यावर थांबतो

धातूत प्रकाश शिरत नाही. त्यामुळे दुसरी वाट. लहान भोक पाडायचे, भोकाभोवतालचा पृष्ठभाग किती सरकला ते मोजायचे. कल्पना प्रकाशाच्या आधीची आहे. भोक असलेल्या ताणलेल्या पत्र्याचे गणित कर्श यांनी १८९८ मध्ये दिले, भोक पाडून अवशिष्ट प्रतिबल काढण्याची पद्धत माथार यांनी १९३४ मध्ये मांडली. पुढे तीन स्ट्रेन गेजचा रोझेट चिकटवून त्याच्या मध्यभागी भोक पाडण्याची रीत रूढ झाली, आणि 'एएसटीएम ई८३७' हे मानक तिच्यासाठी आहे. पॉवेल आणि स्टेटसन यांनी १९६५ मध्ये होलोग्राफीने व्यतिकरण साधले, १९७० च्या आसपास लीन्डर्ट्झ आणि बटर्स यांनी लेझरच्या ठिपक्यांचे, म्हणजे स्पेकलचे व्यतिकरण आधी मांडले आणि मग व्हिडिओ कॅमेऱ्यावर आणले. १९८६ मध्ये नेल्सन आणि मॅक्रिकर्ड यांनी होलोग्राफी आणि भोक या दोन्हींची जोडी अमेरिकेत लावून दाखवली. सोव्हिएत संघात तसे काम त्याआधीच झाले होते. शायर आणि स्टाइनझिग यांचा २००५ चा निबंध या सगळ्याला आजचे रूप देतो : चित्रातले मोजके बिंदू निवडण्याऐवजी सगळ्या पिक्सेलमधून एकदम प्रतिबल काढायचे.

संकेत किती मोठा असतो याचा अंदाज घेऊ. पोलादात १०० मेगापास्कल एकाक्षीय ताण आहे, भोकाची त्रिज्या ०.८ मिलिमीटर आहे. पोलादाचा यंग मापांक २०० गिगापास्कल धरला तर प्रतिबल भागिले मापांक ०.०००५ येते. आरपार भोकासाठी कर्शचे गणित सांगते की ताणाच्या दिशेने भोकाची कड या गुणोत्तराच्या आणि त्रिज्येच्या गुणाकाराच्या दुप्पट सरकते, म्हणजे ०.८ मायक्रोमीटर. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर दोन बाजूंनी ४५ अंशांत टाकला तर दर ३७६ नॅनोमीटर सरकण्यामागे एक पट्टा मिळतो. भोकाच्या कडेला दोन पट्ट्यांहून थोडे जास्त, आणि दूर जावे तसे कमी. सगळा खेळ या दोन पट्ट्यांचा आहे. कला-सरकवणी करून पट्ट्याचा लहानसा अंशही वाचता येतो, हे मान्य. पण मूळ संकेत एवढाच आहे हे डोक्यात राहू द्या.

आता याच प्रमाणात इतर गोष्टी मोजू. ड्रिल आत-बाहेर करताना नमुना ०.४ मायक्रोमीटर सरकला, तर सबंध चित्रात एक आख्खा पट्टा जास्तीचा आला. ड्रिलिंगच्या उष्णतेने नमुन्याचे तापमान केवळ १ अंशाने वाढलेले असताना दुसरे चित्र घेतले, तर १० मिलिमीटर रुंदीच्या दृश्यात पोलाद ०.१२ मायक्रोमीटर फुगलेले असते. आमच्या जुन्या प्रयोगशाळेत दुपारी वरच्या मजल्यावर बाके सरकवली की पट्टे नाचायचे. आम्ही मोजणी रात्री आठनंतर करू लागलो.

इथे प्रकाशीय पद्धतीची बाजू घ्यायला हवी, कारण तिच्यावर अन्याय करायचा नाही. रोझेट तीन आकडे देतो आणि पृष्ठालगतच्या प्रतिबलाचे अज्ञात घटकही तीनच. तीन समीकरणे, तीन अज्ञात, उत्तर येणारच. एखादा गेज नीट चिकटलेला नसला, भोक मध्यापासून ढळले, तरी उत्तर येतेच आणि चुकीचा पत्ताही लागत नाही. चित्रात मात्र लाखो पिक्सेल असतात. अख्खा नमुना सरकला तर सगळीकडे सारखा बदल होतो, तापला तर मध्यापासून अंतराच्या प्रमाणात वाढणारा बदल होतो, प्रतिबल सुटले तर भोकापासून दूर जाताना घटणारा बदल होतो. तीन आकृतिबंध वेगळे आहेत, त्यामुळे ते वेगळे काढता येतात. भोकाचे केंद्रही चित्रातूनच सापडते. नमुन्यावर काही चिकटवावे लागत नाही. या बाबतीत पिक्सेलवाल्यांचा दावा खरा आहे, आणि २००५ च्या त्या निबंधाचे महत्त्व मला इथेच वाटते.

पण याच फायद्यातून एक फसवणूक जन्म घेते. संगणक लाखो पिक्सेलची सरासरी घेतो आणि अनिश्चितता छापतो 'अधिक-उणे २ मेगापास्कल' अशासारखी देखणी. विद्यार्थी तो आकडा अहवालात उतरवतात. लाखो पिक्सेल म्हणजे लाखो स्वतंत्र मोजमापे नव्हेत. शेजारचे पिक्सेल एकाच स्पेकलचे भाग असतात, गोंगाट कमी करणारी गाळणी त्यांना आणखी एकमेकांत मिसळते. आणि सर्वांत महत्त्वाचे, सरासरीने यादृच्छिक चूक घटते, पद्धतशीर चूक घटत नाही. प्रकाशझोताचा कोन एका अंशाने चुकीचा मानला असेल, भोकाची खोली चुकीची नोंदली असेल, यंग मापांक पुस्तकातून उचललेला असेल, तर सगळे लाखो पिक्सेल एकमताने चूक उत्तर देतील. छापलेला अधिक-उणे त्याबद्दल एक अक्षर बोलत नाही.

दुसरा दावा पाहू : प्रकाश भोकाच्या कडेच्या अगदी जवळ वाचू शकतो, गेज त्रिज्येच्या साधारण अडीच पट अंतरावर बसलेला असतो. जवळ संकेत मोठा, म्हणून अचूकता जास्त. ऐकायला बिनतोड वाटते. पण कडेजवळ आणखी काय असते? एकाक्षीय प्रतिबलात भोकाच्या कडेवर प्रतिबलाची तिप्पट तीव्रता होते. मूळ प्रतिबल यील्डच्या एक-तृतीयांशाच्या वर असले की कडेला पदार्थ लवचीक राहत नाही, आणि आपले सगळे गणित लवचीकतेवर उभे आहे. गेजसाठीच्या मानकाची अलीकडची आवृत्ती जाड नमुन्यात यील्डच्या सुमारे ८० टक्क्यांपर्यंत चालेल असे म्हणते, ते गेज दूर असतो म्हणूनही. कडेलाच बघणाऱ्या कॅमेऱ्याने ती सवलत जशीच्या तशी उचलणे मला धोक्याचे वाटते. शिवाय कडेला ड्रिलचे ओरखडे, उचललेली कड, उडालेला चुरा, आणि खुद्द ड्रिलने निर्माण केलेले नवे प्रतिबल असते. म्हणून समजूतदार वापरकर्ते भोकालगतचे कडे मुद्दाम वगळतात. किती वगळायचे? हा निर्णय माणसाचा आहे, आणि अहवालात तो लिहिलेला क्वचितच सापडतो. वगळलेल्या कड्याची रुंदी थोडी बदलून उत्तर किती हलते, एवढी एक तपासणी मागायला हरकत नाही.

खोलीचा प्रश्न

इथपर्यंत आपण प्रतिबल खोलीनुसार एकसारखे धरले. वेल्ड, ग्राइंडिंग, शॉट पीनिंग यांत तसे नसते. शॉट पीनिंगचा दाब काही दशांश मिलिमीटरच्या थरात असतो आणि त्याचे शिखर पृष्ठाच्या जरा खाली असते. त्यामुळे भोक टप्प्याटप्प्याने खोल करतात, प्रत्येक टप्प्यानंतर चित्र घेतात आणि त्या चित्रांवरून खोलीतला आलेख उलटगणिताने काढतात.

हे उलटगणित कसे असते? वाड्याच्या ओसरीवर बसून आत चाललेले बोलणे ऐकण्यासारखे. ओसरीलगतच्या खोलीतले स्पष्ट ऐकू येते, माजघरातले पुसट, त्यापलीकडचे कुजबुजीसारखे, आणि सगळे आवाज एकमेकांत मिसळून कानावर पडतात. भोक खोल होत जाते तसा नव्या थराचा पृष्ठावरचा परिणाम कमी होतो. भोकाच्या व्यासाच्या जवळपास खोलीवर पोहोचल्यावर पृष्ठ जवळजवळ हलायचेच थांबते. कॅमेरा ओसरीवरच आहे. तो कितीही चांगला घेतला तरी आतल्या खोलीत जात नाही.

गणिताच्या भाषेत, मोजमापातली लहान चूक खोल थरांच्या उत्तरात कित्येक पट होऊन येते. टप्पे जितके बारीक करावेत तितका आलेख करवतीसारखा वर-खाली नाचतो. उपाय म्हणून तिखोनोव यांच्या पद्धतीचे रेग्युलरायझेशन वापरतात : 'उत्तर गुळगुळीत असू दे' अशी अट गणितात घालतात. ही अट योग्य आहे, गरजेची आहे, पण ती निसर्गाने घातलेली नाही, आपण घातली आहे. कमी घातली तर गोंगाट प्रतिबल म्हणून छापला जातो. जास्त घातली तर शॉट पीनिंगचे शिखर बुटके होते आणि नेमके तेच शिखर थकवा-आयुष्य ठरवणारे असते. किती घालायची हे मोजमापातल्या गोंगाटाच्या अंदाजावरून ठरवतात, आणि तो अंदाज पुन्हा वर सांगितलेल्या देखण्या अधिक-उणेमधून घेतला, तर एका फसवणुकीवर दुसरी उभी राहिली. माझी सगळ्यात मोठी तक्रार इथे आहे. अनेक अहवालांत खोलीचा सुरेख वळणदार आलेख असतो, पण तो किती गुळगुळीत केला हे कुठेच नसते. अशा आलेखात पदार्थ किती बोलतो आणि लेखक किती, हे वाचकाला वेगळे करता येत नाही.

अंकीय प्रतिमा-सहसंबंध, म्हणजे डीआयसी, याबद्दल थोडक्यात. पृष्ठावर रंगाचे ठिपके फवारायचे आणि साध्या कॅमेऱ्याने आधी-नंतरची छायाचित्रे जुळवायची. कंपनांची फारशी भीती नाही, खर्च कमी, म्हणून महाविद्यालयांत ती लोकप्रिय होते आहे. पण हिशेब करा : १० मिलिमीटर दृश्य २००० पिक्सेलमध्ये मावले तर एक पिक्सेल ५ मायक्रोमीटरचा. चांगल्या स्थितीत पिक्सेलच्या शंभराव्या ते पन्नासाव्या भागापर्यंत जुळणी होते, म्हणजे ०.०५ ते ०.१ मायक्रोमीटर. आपला संकेत कडेला ०.८ आणि पुढे घटत जाणारा. पोलादात १०० मेगापास्कलसाठी हे जेमतेम आहे. ॲल्युमिनियमचा मापांक सुमारे ७० गिगापास्कल, तिथे तेवढ्याच प्रतिबलाला जवळपास तिप्पट हालचाल, त्यामुळे ते जरा सुसह्य. प्लास्टिकमध्ये तर डीआयसी उत्तमच. पद्धत चांगली की वाईट हा प्रश्न पदार्थ सांगितल्याशिवाय विचारूच नये.

आणखी एक तपासणी सांगतो, जी स्वस्त आहे आणि तरी फार कमी लोक करतात. आम्ही एकदा उष्णतोपचाराने प्रतिबलमुक्त केलेला पोलादी तुकडा घेतला आणि नेहमीच्याच मांडणीत त्याला भोक पाडले. पडद्यावर पट्टे यायलाच नको होते. आले. भोकाभोवती गोल, अगदी सुबक, आणि सॉफ्टवेअरने त्यांचे प्रतिबलही काढून दिले, अधिक-उणेसकट. दोन दिवस आम्ही लेझरवर संशय घेतला. शेवटी दोष ड्रिलच्या बोथट बिटात सापडला. तो धातू कापण्याऐवजी दाबत होता आणि आम्ही त्यानेच घातलेले प्रतिबल मोजत होतो. त्याआधीच्या सहा महिन्यांतले सगळे नमुने त्याच बिटाने केलेले होते. ते आकडे आम्ही खोडले.

तुमच्या प्रकल्पात हा शून्य-नमुना पहिल्या आठवड्यातच करून घ्या. त्यासोबत एक पट्टी चार बिंदूंवर वाकवून माहीत असलेले प्रतिबल द्या, आणि भोक पाडून तेवढेच उत्तर येते का ते बघा. पट्टीत आधीचे अवशिष्ट प्रतिबल असेलच, त्यामुळे भार असताना आणि नसताना अशा दोन स्थितींतला फरक तपासायचा. मग अहवालात रंगीत चित्राशेजारी आणखी एक चित्र छापा : मोजलेले विस्थापन वजा गणिताने बसवलेले विस्थापन. ते करडे, ठिपकेदार, आकारहीन दिसले तर बरे. त्यात पुन्हा फुलपाखरू दिसले, तर गणितात न बसलेले काहीतरी नमुन्यात आहे आणि तोंडी परीक्षेत प्रश्न त्याच चित्रावर येईल.